वडिलांच्या टेबलावरची दोन रिव्हॉल्व्हरं

माझं माहेर चांद्याचं. तेव्हा चंद्रपूर कोणी म्हणत नसे. परकोटाच्या आत, एका बोळाच्या तोंडाशी वडिलांचं बंदुका दुरुस्त करायचं आणि परवाना असलेल्यांना विकायचं दुकान होतं, आणि त्याच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं घर. बंदुकीचं तेल आणि कांद्याची फोडणी यांचा मिळून एकच वास आमच्या घराला यायचा. बाईमाणसाला बंदुकीतलं काय कळतं, असं आजही कोणी म्हणालं की माझं डोकं सणकतं. पीठ चाळायच्या चाळणीशेजारी नळ्या साफ करायच्या सळया टांगलेल्या असत, अशा घरात मी वाढले. वडिलांना मुलगा नव्हता, आणि असता तरी मला उठवून त्यांनी त्याला शेजारी बसवलं असतं असं मला वाटत नाही.

मात्र आपल्याला यातलं सगळं कळतं असा जो माझा तोरा होता, तो लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी उतरला. ती गोष्ट मी आजवर फार कमी लोकांना सांगितली आहे.

लग्न झालं ते जंगलखात्यातल्या रेंजरशी. पन्नास सालानंतरची ती वर्षं. राज्य बदलणार अशी बोलणी चालू होती, पण जंगलात त्याचा पत्ता नव्हता. नवऱ्याची नेमणूक आधी आलापल्लीला आणि मग तिथून आत, एटापल्लीच्या बाजूला. तोडायच्या सागाच्या झाडांवर हातोड्यानं शिक्का मारायचा, हे हिवाळ्यातलं त्यांचं मोठं काम. साग आणि बांबू तिथं एकमेकांत मिसळून वाढलेले, आणि बांबूत अस्वलं. त्यांच्याबरोबर फिरणारा गार्ड माडिया जमातीचा होता, वयानं मोठा. त्याचा डावा गाल आणि डोळा अस्वलानं ओरबाडून नेला होता. माझा नवरा रोज त्या चेहऱ्याशेजारून चालायचा. बोलून दाखवत नसत, पण घाबरलेले असत. लांब बंदूक बांबूच्या गचपणात वळत नाही आणि एका हातात हातोडा असतो, म्हणून त्यांना रिव्हॉल्व्हर हवं होतं. परवाना हातात पडला आणि पहिल्या उन्हाळ्यात मला माहेराहून न्यायला आले, तेव्हा आधी दुकानातच बसले.

त्या दिवशी वडिलांच्या टेबलावर दोन रिव्हॉल्व्हरं होती. एक निवृत्त होऊन चाललेल्या मोठ्या साहेबाचं, विलायती, निळसर काळं, दिसायला अगदी साधं. दुसरं कुठल्याशा परदेशी कारखान्यानं त्याचीच नक्कल करून काढलेलं, नवंकोरं, चांदीसारखं चमकणारं, मुठीवर नक्षी. पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या चौपट. योगायोगानं त्याच वेळी एका लाकूड ठेकेदाराचे दिवाणजीही रिव्हॉल्व्हर घ्यायला आले होते. आमच्याच भागातल्या जंगलाचा ठेका त्यांच्या मालकाकडे होता. माणूस गमत्या, पान खाणारा, सगळ्यांशी सलगी करणारा. त्यांचा हात सरळ चमकणाऱ्या रिव्हॉल्व्हरकडे गेला.

"थांबा," वडील म्हणाले. "आधी आयका, मंग पाहा."

त्यांनी विलायती रिव्हॉल्व्हर कानाजवळ धरलं आणि अंगठ्यानं घोडा हळूहळू मागे ओढला. घोडा म्हणजे गोळीवर आपटतो तो मागचा भाग. तो ओढला की गोळ्यांचं चक्र एक घर पुढं सरकतं आणि जागेवर बसतं. टक. सहा घरं, सहा वेळा टक, आणि सहाही वेळा तोच आवाज. मग नकली उचललं. त्याचे सहा आवाज सहा माणसांचे. तिसरं घर तर घोडा पूर्ण मागे आल्यावर, आठवण झाल्यासारखं, उशिरा बसलं.

मग त्यांनी पांढऱ्या कागदाची घडी केली, चक्राच्या मागे धरली आणि नळीतून माझ्या नवऱ्याला बघायला सांगितलं. कागदावर पडलेलं ऊन नळीत शिरतं आणि आतलं सगळं उजळतं. नवरा बराच वेळ बघत राहिला. मग मी बघितलं. विलायतीच्या नळीतले पीळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न चुकता वळत गेले होते, आणि घर व नळी यांच्यामध्ये कुठे सांधा आहे हे दिसतच नव्हतं. नकलीच्या नळीत कडेला चंद्रकोरीएवढी सावली होती. चक्राचं घर नळीच्या समोर पुरतं येत नव्हतं, त्याची कड आत डोकावत होती. गोळी सुटताना ती कड शिशाचा कपचा काढणार आणि तो कपचा बाजूला उडणार, हे वडिलांनी बोटानं दाखवलं.

शेवटी त्यांनी दोन्हींच्या बाजूची पट्टी उघडली. हे मी अगदी नीट सांगणार आहे, कारण त्या क्षणी माझ्या अंगावर जो काटा आला तसा देवळातही कधी आला नाही. नकली आतून टाकी लावलेल्या जात्यासारखं होतं. कानशीचे ओरखडे जिकडेतिकडे, सगळी मेहनत बाहेरच्या चमकेवर संपलेली. विलायती बाहेरून साधं आणि आत मात्र प्रत्येक तुकडा घासून घासून आरशासारखा केलेला. कमानीची, म्हणजे स्प्रिंगची, पाठसुद्धा, जी कधी कोणाला दिसणार नाही. दूर कुठल्यातरी देशात एका माणसानं ते काम केलं होतं. आपलं नाव कोणाला कळणार नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि तरी त्यानं ती पाठ तशी सोडली नव्हती. मला रडू येईल असं वाटलं. मी आत जाऊन उगीच पाणी पिऊन आले.

परत आले तेव्हा दिवाणजी विचारत होते, "चौपट दाम, तं चौपट चांगलं हाय का? खरं सांगा भाऊ."

गिऱ्हाईकाला खोटं सांगणं वडिलांच्यानं होत नसे आणि त्यामुळे आमची कधी भरभराटही झाली नाही. "दहावीस गोळ्या झाडाच्या असन तं दोन्ही सारखेच," ते म्हणाले. "शंभरानंतर फरक दिसन. हे नकली ढिलं हाय, म्हणून मातीकचरा खाऊनबी चालते. हे विलायती घट्ट हाय. याच्यात केसाएवढी जागा सोडली नाई. याले पुसावं लागते, अन् तेल पातळ लागते. आळशी माणसानं हे घेऊ नाई."

दिवाणजी हसले. "मंग माहं ठरलं. मी आळशी."

माझ्या नवऱ्यानं विलायती घेतलं. मला वाटतं, त्या पट्टीच्या आतलं बघून त्यांनाही माझ्यासारखंच काहीतरी झालं होतं. वडिलांनी मला पट्टीचे स्क्रू काढायचा एक छोटा पेचकस आणि शिवणयंत्राच्या तेलाची बाटली दिली. "जवाईबापूले नाई जमणार हे," मला म्हणाले. "तू पाहजो, बाई."

मी पाहिलं, आणि जरा जास्तच पाहिलं. आलापल्लीपर्यंत मोटार आणि पुढे बैलगाडी करून आम्ही मुक्कामी पोचलो. पावसाळा लागला, नाले भरले, रस्ता बंद झाला, आणि त्या कौलारू घरात मला दुसरा उद्योग उरला नाही. मी रोज रिव्हॉल्व्हर पुसायची. गोळ्या काढायच्या, मोजून डब्यात ठेवायच्या, मग सहा वेळा टक ऐकायचं. नवरा चेष्टेनं म्हणायचा, माझ्यापेक्षा याचेच लाड जास्त. खोटं नव्हतं ते. दसरा येईस्तोवर वडिलांनी दिलेली तेलाची बाटली रिकामी झाली.

चांद्याला माणूस जाणार कधी आणि तेल आणणार कधी. तेवढ्यात गार्डची बायको मोहाच्या बियांचं तेल घेऊन आली. तिथं घरोघरी तेच तेल. दिव्यात तेच, अंगाला तेच, कुऱ्हाडीच्या पात्यालाही तेच. सोनेरी, स्वच्छ. गार्डच्या कुऱ्हाडीवर गंजाचा ठिपका नसायचा, हे मी स्वतः बघितलं होतं. मी चिमटीत घेऊन चोळून पाहिलं, वास घेतला, आणि कारागिराची मुलगी असल्याच्या थाटात ठरवलं की चालेल. बाहेरून ते मी दोन महिने लावत होते. काही बिघडलं नाही.

मार्गशीर्षात झाडांवर शिक्के मारायचं काम निघालं. ठेकेदाराकडून दिवाणजीही तिथं हजर राहणार होते. आदल्या संध्याकाळी मी चुलीशी बसून, पहिल्यांदाच एकटीनं, बाजूची पट्टी उघडली. ते आरशासारखे तुकडे पुन्हा पाहिले आणि जीव हरखून गेला. यांना तहान लागलेली असेल अशा मायेनं मी आत तेल सोडलं. चांगलं सढळ हातानं सोडलं. पट्टी बसवली, घोडा ओढला. टक. इतका मऊ आवाज वडिलांच्या हातूनही कधी निघाला नसेल, असं मला वाटलं. बाटली मी ओसरीच्या कट्ट्यावर ठेवली आणि समाधानानं झोपले.

पहाटे नवरा आणि गार्ड निघून गेले. त्या रात्री हिवाळा उतरला होता. उजाडल्यावर मी देवाच्या दिव्यात तेल घालायला बाटली तिरपी केली. तेल आलं नाही. उलटी केली, तरी आलं नाही. आत तुपासारखं पांढरट, घट्ट काहीतरी थिजून बसलं होतं.

जे बाटलीत झालं तेच रिव्हॉल्व्हरच्या पोटात झालं असणार. जिथं केसाएवढी जागा नव्हती, तिथं मी तूप भरलं होतं. घोडा सुटेल, पण जोरानं आपटणार नाही. आणि जोरानं आपटला नाही तर गोळी उडणार नाही.

मी गार्डच्या घराकडे धावले आणि त्याच्या बायकोला बाटली दाखवली. ती हसली. "थंडीत ते असंच व्हते, बाई. उन्हात ठेवा."

"मले सांगितलं काऊन नाई?"

"तुम्ही कुठी इचारलं?"

बरोबर होतं तिचं. तिच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट मला ठाऊक नव्हती, आणि मी विचारली नव्हती, कारण मला सगळं कळत होतं. मी तिला जमेल तसं समजावलं. तिचं हसू थांबलं. नवरा तिचाही बरोबर होता, आणि त्याला एकच डोळा होता. तिनं कोयता घेतला आणि आम्ही निघालो.

तीन कोसांची वाट. ती पुढे, मी मागे. दव इतकं की लुगडं गुडघ्यापर्यंत भिजून पायाला चिकटत होतं. देवाला काय काय बोलले ते आता सांगवत नाही. वर सूर्य आला तसा मनात एकच हिशोब चालू झाला, की ऊन झाडांच्या शेंड्यांवरून खाली उतरून नवऱ्याच्या कमरेच्या चामडी पाकिटापर्यंत पोचायला किती वेळ लागेल. तिथल्या सागाखाली दहा वाजेपर्यंत ऊन येत नाही.

अर्ध्याहून जास्त वाट झाली आणि गोळीचा आवाज आला. मग दुसरा. मग तिसरा.

कोणाला खरं वाटो न वाटो, मी जागच्या जागी ओळखलं की हे आमचं नाही. आवाज फाटका होता. कडेनं शिसं उडवणारा, सांध्यातून वाफ सोडणारा. ते दिवाणजींचं रिव्हॉल्व्हर होतं. आमच्याचा आवाज मी कान देऊन वाट बघत राहिले. तो आला नाही. नवऱ्याच्या कमरेला रिव्हॉल्व्हर असताना दुसराच माणूस तीन गोळ्या झाडतो आणि नवरा एकही झाडत नाही, याचा अर्थ काय, हा विचार मनात आला आणि मी पळत सुटले. गार्डची बायको माझ्याही पुढे होती.

नवरा एका आडव्या ओंडक्यावर बसलेला दिसला. अंगावर रक्त नव्हतं. मी दोनदा खालपासून वरपर्यंत पाहिलं, नव्हतं. गार्ड कुऱ्हाड घेऊन बांबूकडे तोंड करून उभा होता. दिवाणजी पान लावत होते आणि मोठमोठ्यानं बोलत होते. त्यांच्या बोलण्यातून कळलं ते असं. अस्वल दहा हातांवरून उठलं. नवऱ्यानं रिव्हॉल्व्हर काढून चाप ओढला. घोडा झोपेतल्यासारखा खाली आला आणि टेकला. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. मग दिवाणजींनी आपलं रिव्हॉल्व्हर हवेत झाडलं, गार्ड ओरडत कुऱ्हाड घेऊन पुढे झाला, आणि अस्वल वळलं.

"चौपट दाम देऊन तुम्ही खेळणं आणलं, साहेब," दिवाणजी म्हणाले. "आमचं पाहा, कधी पुसलं नाई तरी चाललं."

नवरा मान वर न करता म्हणाला, "मामाजींनं फसवलं मले."

मी गप्प राहू शकत होते. कोणाला काही कळलं नसतं. वर ऊन चढत होतं. तासाभरात ते तेल आपोआप वितळलं असतं आणि माझी चूक त्याबरोबर नाहीशी झाली असती. राहिला असता फक्त वडिलांवरचा आळ, आणि वडील साठ मैलांवर होते. हे सगळं मला एका श्वासात सुचलं, याची मला आजही लाज वाटते.

"बाबानं नाई फसवलं," मी म्हणाले. "मी मारलं असतं तुम्हाले."

सगळ्यांसमोर सांगितलं. तेल, चूल, पट्टी, ओसरीवरची बाटली, सगळं. मग नवऱ्याच्या हातातून रिव्हॉल्व्हर घेतलं, गोळ्या काढल्या आणि मजुरांनी पेटवलेल्या शेकोटीशी बसले. पेचकस येताना कनवटीला खोचला होता. पट्टी उघडली तेव्हा ते सुंदर तुकडे पांढऱ्या थरात रुतलेले दिसले. आचेनं थर वितळला, मी पदरानं पुसत गेले, कोपरान् कोपरा, कोरडं होईस्तोवर. पट्टी बसवून सहा वेळा ऐकलं. नव्या गोळ्या भरल्या आणि ते नवऱ्याला नाही, दिवाणजींना दिलं. त्यांनी वाळलेल्या खोडाकडे नेम धरून सहाही झाडल्या. मग खोडाजवळ गेले, तळहात ठेवून पाहिला. सहाही भोकं त्यांच्या तळहाताखाली झाकली गेली.

दिवाणजींनी परत येऊन रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी नवऱ्याला दिलं. "चीज हाय, साहेब," एवढंच म्हणाले. पण मला हेही सांगितलं पाहिजे की त्या सकाळी माझा नवरा वाचला तो त्या स्वस्तातल्या, ढिल्या, न पुसलेल्या रिव्हॉल्व्हरमुळे आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या कुऱ्हाडीमुळे. त्यानंतर मी त्या चमकणाऱ्या नकलीला कधी नावं ठेवली नाहीत.

घरी येताना नवरा एक शब्द बोलला नाही. जेवतानाही नाही. रागावले असते, ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. आता आपल्याला चांद्याला पाठवणार, असं मी मनाशी धरून चालले होते. त्या रात्री रिव्हॉल्व्हर त्यांनी स्वतःच्या उशाशी ठेवलं.

सकाळी ते लवकर उठले. बाहेर कालच्यासारखीच थंडी होती आणि काम त्याच बांबूत होतं. त्यांनी रिव्हॉल्व्हर आणलं, गोळ्या काढून माझ्यासमोर मांडल्या आणि म्हणाले, "पुसून दे."

"मी हात नाई लावत आता."

"मंग कोण लावन? मले येते का?"

मी कोरड्या फडक्यानं सगळं पुसलं, उघडून आत पाहिलं, पुन्हा बंद केलं. गोळ्या भरताना एक खाली पडली. ती त्यांनी उचलून दिली. घोडा ओढून बघा, नीट बसतो का, असं मी म्हणणारच होते. त्यांनी रिव्हॉल्व्हर माझ्या हातातून घेतलं, काही न बघता, घोड्याला अंगठाही न लावता कमरेच्या पाकिटात टाकलं, हातोडा उचलला, आणि गार्डबरोबर बांबूच्या दिशेनं निघून गेले.